लहानूभाऊंचा हौद

आमच्या कागदाच्या कारखान्यात पहिल्यांदा आलेला माणूस थोड्याच वेळात जांभया द्यायला लागायचा. त्यात त्याचा काही दोष नसे. वर्ध्याहून पिपरीकडे जाणाऱ्या वाटेला लागून ती लांबट शेड होती. भिंतींना पांढरा चुना, वर कौलं, आणि कौलांत मधे मधे बसवलेल्या काचांमधून खाली झिरपणारा दुधट उजेड. आत दिवसभर पाण्याचा एकच आवाज चाले. चौकट हौदात बुडाली की डुबुक, वर आली की झरझर, मग टप टप टप, आणि पुन्हा डुबुक. हा आवाज कानात शिरला की माणूस आपण कशाला आलो होतो तेच विसरून जाई. एकदा एक वसुलीवाला कारकून तावातावाने आला आणि दाराजवळच्या बाकावर घोरायला लागला. त्याला आम्ही उठवलं नाही.

मी घोटाईला होते. वाळलेल्या तावाला खळ लावून झाली की तो लाकडी फळीवर पसरायचा आणि गुळगुळीत दगडाने घासत बसायचा, शाई फुटणार नाही इतका तुकतुकीत होईपर्यंत. हात गोल गोल फिरत राहतो आणि मन कुठल्या कुठे भटकून येतं. त्या दगडावर बसून मी किती वेळा माहेरी जाऊन आले असेन, तिकीट न काढता.

मी मूळची चिडकी बाई. नवरा शाळामास्तर, देवमाणूस. त्याच्यावर चिडलं तर तो हसून पुस्तकात तोंड खुपसायचा. सुमतीला भांडायला माणसं मिळावीत म्हणून तिने नोकरी धरली, असं आमच्या आळीत म्हणत, आणि त्यात फारसं खोटं नव्हतं. पण त्या शेडमध्ये भांडण जमत नसे. राग आला तरी तो ओल्या कागदासारखा हातातच विरघळून जाई.

हौदावर लहानूभाऊ. पन्नाशीला टेकलेले, सडपातळ, बोलताना डोळे अर्धे मिटणारे. अंबाडीचा वाख आणि सुती चिंध्या कुटून केलेला लगदा हौदाच्या पाण्यात तरंगत असे. लहानूभाऊ जाळीची चौकट त्यात तिरपी बुडवत, आडवी करून वर उचलत आणि डावीकडे-उजवीकडे एक हलका हेलकावा देत. आई पाळण्याला शेवटचा झोका देते ना, पोर झोपलं असं वाटल्यावर, तसा. तेवढ्यात पाणी गळून जाई आणि जाळीवर एक ताव बसलेला दिसे. त्यांच्या डाव्या हाताला तानाबाई उभी. ती चौकट घेई, ओल्या कापडावर पालथी घाली, ताव सोडवी, त्यावर दुसरं कापड पसरी आणि चौकट परत देई. दोघं एकमेकांकडे बघत नसत. नवराबायकोत नसतो असा मेळ होता त्यांचा. लगदा कुटायला प्रेमदास, दोन पोरांचा बाप, अंगाने दणकट, तोंडाने त्याहून दणकट. आणि या सगळ्यांवर व्यवस्थापक बंडोपंत. धोतर, काळी टोपी, बारा महिने बगलेत छत्री, आणि कपाळावर कायमची काळजी.

चहाच्या वेळी लहानूभाऊ आपली स्वप्नं सांगत. ती आमची करमणूक.

"काल सपनात हौदातून मासोळी निघाली वं तानाबाई. कागदाची."

"मंग? खाल्ली का?" तानाबाई विचारी.

"नाई ना. तिच्यावर काईतरी लिहेल होतं."

"काय लिहेल होतं?"

"आता मले वाचता येते का? मी तुले हाका मारून राह्यलो, तू काई आली नाई."

"मले तरी कोठी वाचता येते," तानाबाई म्हणे. मग सगळे त्या मासोळीवर काय लिहिलं असेल याचा खरोखरच विचार करत असत. मीसुद्धा. असं होतं ते ठिकाण.

सत्तावन्न सालचा हिवाळा लागला. सकाळी धुकं दारातून आत येई आणि हौदातल्या पांढऱ्या पाण्यापासून वेगळं ओळखू येत नसे. त्या हिवाळ्यात लहानूभाऊंचा उजवा हात बिघडला. हेलकावा देऊन झाला तरी चौकट हलतच राही. थोडीशीच. उजव्या कोपऱ्यातला लगदा सरके आणि ताव तिथे पातळ पडे. घोटताना माझा दगड त्या कोपऱ्यावर आला की कागद टर्रकन फाटायचा. मी ते फाटके ताव गठ्ठ्याच्या तळाशी सरकवून देत असे. तानाबाई चौकट हातात घेताना क्षणभर थांबे, ती थरथर निवेपर्यंत, आणि मगच पालथी घाली. प्रेमदास हौदाकडे बघून एकाएकी मोठ्याने गाणं म्हणायला लागे. सगळ्यांना दिसत होतं आणि कोणी चकार शब्द काढत नव्हतं. आम्हा सगळ्यांची हीच एक वाईट खोड. दुसऱ्याचं दुखणं दिसलं की मान फिरवायची, आणि त्यालाच माया म्हणायचं.

मग नागपूरच्या एका शाळेकडून मागणी आली. मुलांच्या प्रशस्तिपत्रांसाठी त्यांना हातकागद हवा होता, वर्षभर. शाळेचे श्रीधरराव बाजाराच्या दिवशी वर्ध्याला येणार होते आणि नमुन्याचे ताव बघून ठरवणार होते. बंडोपंतांनी चहाच्या वेळी छत्री मांडीवर आडवी घेतली. त्यांनी असं केलं की वाईट बातमी असे.

"लहानू, मी आडपडदा ठेवत नाही," ते म्हणाले. "गेल्या खेपेचे ताव परत आले. एका बाजूला जाड, एका बाजूला पातळ. मला वरून विचारणा झाली आहे. या वेळचा नमुना एकसारखा निघाला तर हौद तुझा. नाही निघाला तर सेलूकडच्या ओमप्रकाशला बोलवावं लागेल आणि तुला चिंध्यांच्या खोलीत बसावं लागेल. माझा इलाज नाही."

"हाव जी," लहानूभाऊ म्हणाले. त्यांनी आपला उजवा हात डाव्या हाताखाली घेतला.

दुपारी आम्ही मागच्या अंगणात जेवायला बसलो. तानाबाईने उकडलेल्या तुरीच्या शेंगा आणल्या होत्या. ऊन कोवळं होतं, दोरीवर टाकलेले ताव वाऱ्याने हलत होते, आणि त्यांच्या सावल्या आमच्या भाकरींवरून सावकाश सरकत होत्या. मला कोणी विचारलं नव्हतं, तरी मी तोंड उघडलं.

"चिंध्या निवडायचं काम बसून असतं, लहानूभाऊ. आरामच पडेल तुम्हाला."

तानाबाईने माझ्याकडे असं पाहिलं की मी हातातली भाकर खाली ठेवली. लहानूभाऊ मात्र रागावले नाहीत. शेंग सोलत, डोळे अर्धे मिटून, स्वप्न सांगावं तसं सांगायला लागले.

"मी लहान असतानीची गोष्ट हाय बाई. आमच्या गावात विहिरीपासून दूर उभं राहा लागे. कोनी वरून पानी वाढन तवा आमची घागर भरे. एक दिवस माया मायचा हात चुकून दोराले लागला. चुकून. गावच्या लोकायनं सारी विहीर उपसली. दिवसभर उपसून राह्यले होते. माय घरात तोंड झाकून बसली, अन मी दुरून पाहून राह्यलो होतो. एवढं पानी! सारं मातीत गेलं." त्यांनी शेंगेतले दाणे तानाबाईच्या पानावर ठेवले. "मंग मोठा झालो, इथीसा आलो. पयल्या दिवशी पंतजी म्हनाले, लहानू, घाल हात हौदात. मी पाहातच राह्यलो. म्हनलं, खरंच घालू काय? त्या दिवसापासून माया हात लागल्याबिगर इथच्या पान्याचा कागद झाला नाई. चिंध्या निवडाले कोनीबी चालते, बाई. त्याले लहानू लागत नाई."

आदल्या वर्षीच्या दसऱ्याला ते नागपूरला जाऊन बौद्ध होऊन आले होते, बायको मीराबाईला घेऊन. तेव्हापासून रोज सकाळी दारातून "जयभीम" म्हणत येत, आणि बंडोपंत सवयीने "राम राम" म्हणत, आणि मग दोघंही आपापल्या जागी हसत. हे सगळं मी रोज बघत होते. पण त्या दुपारपर्यंत हौद म्हणजे मला हौदच वाटत होता. लाज वाटली मला, आणि मी खाली बघत शेंगा सोलायला लागले.

बाजाराच्या आदल्या दिवसाच्या आदल्या दिवशी नमुन्याचे ताव काढायचे ठरले, म्हणजे दाबून, वाळवून, घोटून वेळेवर तयार होतील. त्या सकाळी धुकं एवढं होतं की शेडचं दार हाताने चाचपून शोधावं लागलं. आत गेले तर सगळे माझ्या आधी हजर. नेहमी उशिरा येणारा प्रेमदाससुद्धा. कोणी कोणाच्या नजरेला नजर देत नव्हतं. मी पदराला ओले हात पुसत हळूच माझ्या फळीवर जाऊन बसले.

लहानूभाऊंनी चौकट बुडवली. नेहमीचा डुबुक आलाच नाही. थप्प असा काहीतरी आवाज आला. चौकट वर येईना. दोन्ही हातांनी जोर लावून त्यांनी ती उचलली, तर जाळीवर पिठल्यासारखा घट्ट गोळा. हेलकावा दिला तरी तो जागचा हलला नाही. तानाबाईने चौकट पालथी घातली आणि ताव कापडावर पडला, धप्प करून. त्याच्यावर दुसरा. तिसरा. चार ताव झाले तर चाळीसाएवढी थप्पी झाली.

"हा ताव होय का गादी?" प्रेमदासच्या तोंडून निघून गेलं.

बंडोपंत धावत आले. त्यांनी वरचा ताव उचलून बघितला. तो वाकेना. त्यांच्या चेहऱ्यावर आधी भीती आली, मग राग.

"प्रेमदास! लगदा किती घातलास?"

प्रेमदासने मान खाली घातली. "रोजच्याइतकाच, पंतजी. अन... एक बादली जास्तीची. म्हनलं कोपरा भरून निघन. लहानूभाऊचा."

"एका बादलीनं असं होतं का?"

"एक म्या बी टाकली," तानाबाई दुसरीकडे बघत म्हणाली. "हा यायच्या आधीच. काल, घरी जाता जाता."

पंत गर्रकन माझ्याकडे वळले. "आणि तुम्ही काऊन लाल झालात सुमतीबाई?" पंत चिडले की त्यांच्या पुणेरी बोलण्यात वऱ्हाडी घुसत असे.

"एक मीही टाकली," मी म्हटलं. "पहाटे येऊन टाकली आणि हात धुवायला बाहेर गेले. मला काय माहीत, हे सगळे आधीच टाकून बसलेत!"

"शहाणे आहात सगळे! कारखाना आहे का लग्नाचा मांडव, जो उठला तो वाढतोय..." आणि पंत बोलता बोलता थांबले. टोपी काढून त्यांनी डोक्यावरून हात फिरवला. टोपी परत घातली. छत्री या बगलेतून त्या बगलेत घेतली. मग अगदी हळू म्हणाले, "मीही एक टोपलं टाकलं. पहाटे फिरायला निघालो होतो तेव्हा."

मग तानाबाईला हसू फुटलं. तोंडावर पदर दाबून ती जी हसायला लागली, तर प्रेमदास खाली बसूनच हसला आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. पंतांचंही पोट हलत होतं. त्या धुक्यात, त्या पांढऱ्या उजेडात आम्ही चार वेडे हसत होतो आणि मला वाटलं, असंच राहावं, पुढे काही होऊच नये.

"एक म्या टाकली," लहानूभाऊ म्हणाले.

हसणं जागच्या जागी थांबलं.

"पाहाटीच येऊन. तुमी यायच्या आधी." त्यांनी चौकट हौदाच्या काठावर नीट ठेवली, पुसून ठेवतात तशी. "तुमाले साऱ्यायले मालूम होतं. मी समजत होतो का कोनाले दिसत नाई. मी आपला लपवून राह्यलो, अन तुमी माया मागून झाकून राह्यले. मी एवढा गेलो का गा, का मले कोनं सांगावं बी नाई?"

कोणी काही बोलायच्या आत ते चिंध्यांच्या खोलीत गेले आणि खाली बसले. दारातून त्यांची पाठ दिसत होती. सुती इकडे, रंगीत तिकडे. खरंच चिंध्या निवडायला लागले.

मग हौदाचा आवाज बंद पडला, आणि काय सांगू, इतक्या वर्षांत पहिल्यांदा आम्ही सगळे त्या शेडमध्ये टक्क जागे होतो. भिंतींवरचे चुन्याचे पोपडे दिसले. कौलांतली कोळिष्टकं दिसली. आपण चार माणसं एका पडक्या शेडमध्ये लगदा हातात घेऊन उभी आहोत, हे दिसलं. ते जागेपण मला सोसेना. प्रेमदासने काही लगदा उपसून पाणी घातलं आणि स्वतः चौकट बुडवून पाहिली. ताव निघाला, पण हेलकावा देताच मधोमध फाटला. दुसरा एका बाजूला गोळा झाला.

"मालक नको बनू," तानाबाई त्याच्यावर खेकसली. "ठेव ते."

पंत खोलीच्या दारापर्यंत जाऊन दोनदा परत आले. शेवटी मीच उठले. समजूत घालायला नव्हे हो. मला समजूत घालता येत नाही. मला लहानूभाऊंचा भयंकर राग आला होता, आणि का कोण जाणे, या वेळी तो विरघळला नाही.

"लहानूभाऊ," मी दारात उभी राहून म्हटलं, "आम्ही सांगितलं नाही म्हणून रुसून बसलात. बरोबर आहे तुमचं. पण तुम्ही तरी कुठे सांगितलंत? तानाबाई तुमच्या शेजारी एवढी वर्षं उभी आहे. तिला एका शब्दानं बोललात? तुम्हीही बादली चोरूनच टाकलीत ना? आमच्यासारखीच? मग आमच्यावर रुसायचा काय अधिकार तुम्हाला?"

बोलून गेले आणि माझी मलाच भीती वाटली. त्यांच्या हातात एक निळी चिंधी होती. उजव्या हातात ती थरथरत होती, वारा नसताना. ते तिच्याकडे बघत राहिले, जणू कुणा दुसऱ्याच्या हातात ती आहे.

"मंग सांगू?" ते म्हणाले.

"सांगा."

"तुमाले एकटीले नाई. साऱ्यायले सांगतो." ते उठले. हौदाजवळ आले, आणि सगळ्यांसमोर उजवा हात पुढे धरला. लपवला नाही. तो हलत होता आणि ते हलू देत होते. "हा हात आता माहं आयकत नाई. चौकट एकट्याच्यानं उचलत नाई मायाच्यानं. तिले समोरून धरनारं कोनी पाह्यजे." एवढं बोलून त्यांना दम लागल्यासारखं झालं. मग त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा बंडोपंतांना हुकूम सोडला. "पंतजी, माणसं हालवा लागतीन."

"हलवू," पंत म्हणाले. "सांग कशी."

मग आम्ही सगळे एकेक जागा सरकलो. तानाबाई हौदाच्या पलीकडे, लहानूभाऊंच्या समोर गेली. तिच्या जागी ताव पालथे घालायला मी. प्रेमदास बादल्यांनी लगदा उपसून पाणी सारखं करू लागला आणि तीन बायकांच्या शिव्या खाव्यात इतकं सांडू लागला, तिथे बायका दोनच असूनही. आणि घोटाईला कोण? पंतांनी इकडे तिकडे पाहिलं. कोणी उरलं नव्हतं. त्यांनी छत्री खुंटीला अडकवली, धोतर सावरलं आणि माझ्या फळीवर मांडी घातली. मागच्या खेपेचे ताव पडले होते, ते घोटायला घेतले. दगड गोल गोल फिरायला लागला आणि थोड्याच वेळात पंतांची मान डुलायला लागली. टोपी तावावर पडली तरी त्यांचा हात फिरतच होता.

लहानूभाऊ आणि तानाबाईने मिळून पहिली चौकट उचलली. तानाबाईने ती घट्ट धरली, दात ओठ खाऊन, थरथर दाबून टाकायला. ताव उठला, पण त्यावर रेघाच रेघा.

"धरून नको ठेवू वं," लहानूभाऊ म्हणाले. "दाबू नको त्याले. त्याच्यासंगं चाल."

"कसं चालू?"

"डोये मीट."

तिने डोळे मिटले. त्यांनीही मिटले. चौकट बुडाली, वर आली. लहानूभाऊंच्या हातातली थरथर चौकटीतून पलीकडे गेली, तानाबाईच्या मनगटात, कोपरात, खांद्यात. तिने ती अडवली नाही. तिचं अख्खं अंग हलकेच झुललं, आणि ती थरथर तिच्यापाशी जाऊन निवली. पाणी झरझर गळलं. टप. टप. जाळीवर ताव बसला होता, या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत एकसारखा. मी तो हातात घेतला. माझे डोळे भरून आले आणि मला माझाच राग आला, कारण ओल्या तावावर टिपं पडली की डाग राहतो.

"पाहू," लहानूभाऊ म्हणाले. पाहिला. मग पुन्हा डोळे अर्धे मिटले. "चाल वं तानाबाई." आणि डुबुक असा आवाज आला. बाहेर धुकं उतरलं होतं की चढलं होतं, कोणाला माहीत. आम्ही परत आपल्या झोपेत गेलो.

श्रीधररावांनी बाजाराच्या दिवशी ते ताव उन्हासमोर धरून पाहिले, बोटाने चाचपले, आणि वर्षभराची मागणी पक्की केली. ओमप्रकाशला बोलावणं गेलं नाही. हौदावर दोघांनी उभं राहायचं, ही आमच्याकडे रीतच पडून गेली. ताव थोडे कमी निघत. वरून विचारणा आली की बंडोपंत त्यांना काय सांगत, ते त्यांनी आम्हाला कधी सांगितलं नाही. आम्ही मात्र एक शिकलो. आता कोणाचं काही दुखलं, अडलं की तो सकाळी आल्याआल्या ओरडून सांगायचा. प्रेमदास तर दाढ दुखली तरी ओरडायचा, आणि ते कधी कधी फार व्हायचं.

लहानूभाऊंचा हात काही सुधारला नाही. दुसऱ्या हिवाळ्यापर्यंत डाव्या हातातही थरथर उतरली. समोरून तानाबाई आणि बाजूने प्रेमदास असे धरू लागले. मग एक दिवस मला दिसलं की लहानूभाऊंची बोटं चौकटीवर नुसती टेकलेली आहेत, वजन सगळं त्या दोघांकडे आहे. मी तानाबाईकडे पाहिलं. तिला कधीचं माहीत होतं. पण आता त्यात लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं. लहानूभाऊंनी स्वतःच चहाच्या वेळी सांगितलं, "आता मी उचलत नाई बरं, हेच उचलतेत. मी फकत पान्याले सांगतो." आणि ते खरंच होतं. सकाळी येऊन ते दोन्ही बाह्या वर सारत, दोन्ही हात कोपरापर्यंत हौदात घालत, लगदा सावकाश ढवळत, बोटांतून सोडत. घट्ट आहे की पातळ, ते त्या थरथरणाऱ्या बोटांना कळे. हे ठरवून कोणी सुरू केलं नव्हतं. सुरू झालं आणि चालू राहिलं.

पुढच्या उन्हाळ्यातली सकाळ. श्रीधरराव पहाटेच्या गाडीने नागपूरहून आले होते. शाळेच्या समारंभासाठी त्यांना आणखी ताव हवे होते, आणि घाईने हवे होते. काम सुरू झालेलं बघून त्यांना संध्याकाळच्या गाडीने परतायचं होतं. शेडमध्ये सगळं तयार होतं. हौद भरलेला, लगदा घातलेला, कापडं ओली करून ठेवलेली. तानाबाई एका बाजूला, प्रेमदास दुसऱ्या बाजूला, मधे चौकट. वरच्या काचांमधून उजेड पाण्यावर उतरला होता आणि पाणी अगदी स्थिर होतं. मीराबाईला ताप आला होता म्हणून लहानूभाऊ उशिरा येणार होते. तसा निरोप आला होता.

श्रीधररावांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग घड्याळाकडे पाहिलं.

"बंडोपंत, माणसं उभी आहेत, लगदा तयार आहे. सुरू का करत नाही?"

पंत माझ्या जुन्या फळीवर बसून दगड पुसत होते. त्यांनी मान वर करून हौदाकडे पाहिलं.

"थोडं थांबा," ते म्हणाले. "लहानूभाऊंचा हात अजून पाण्याला लागला नाही."

श्रीधररावांना काही समजलं नाही. तानाबाईने त्यांना बसायला बाक सरकवून दिला, आणि आम्ही सगळे दाराकडे बघत बसलो.